पचमढी कुणी शोधली?

पचमढीच्या सहलीचे टिपण करायला बसले की पहिले नाव हमखास येते ते कॅप्टन जेम्स फोर्सिथचे. माहितीपत्रक कुणाचेही असो, धबधब्यांची नावे मागेपुढे होतील, पण हे ठिकाण एका इंग्रज कप्तानाने शोधून काढले हे वाक्य जागचे हलत नाही. येत्या हिवाळ्यात मंडळाची सहल तिकडे न्यायची, मुलांनी दोन रात्री तंबूत राहायचे आणि सातपुडा राष्ट्रीय उद्यान पाहायचे असे ठरले, तेव्हा आम्हा आयोजकांच्या हातीही असेच एक पान आले. त्यात पॉइंट होते, फॉल होते, गुहा होत्या. माणसे मात्र नव्हती. आपल्यातली ज्यांची सासरे-माहेरे नागपूर-अमरावतीकडची आहेत, त्यांना तर ते वाचून हसूच आले. ज्यांच्या घरातल्या तीन-चार पिढ्या मोठ्या महादेवाला पायी जाऊन आल्या, त्यांना त्या डोंगराचा शोध कुणी लावला हे काय सांगायचे?

आधी फोर्सिथचा हिशेब करू. बऱ्याच पुस्तिकांत त्याच्या आगमनाचे साल १८५७ छापलेले असते. फोर्सिथचा जन्म १८३८ चा. म्हणजे त्या वर्षी तो जेमतेम एकोणीस वर्षांचा पोर. तो पचमढीच्या पठारावर चढला १८६२ च्या आरंभी, आणि तो काही वाट चुकून तिथे पोचलेला शिकारी नव्हता. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले होते, १८६१ मध्ये नागपूर राजधानी धरून मध्य प्रांत नावाचा नवा प्रांत बनला होता, आणि त्या प्रांतातली जंगले पाहून त्यांची मोजदाद करण्याच्या सरकारी कामावर तो निघाला होता. त्याचे मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचे पुस्तक १८७१ मध्ये निघाले, त्याच वर्षी तो वारला. पुस्तक आजही वाचण्यासारखे आहे. त्यात महादेवाच्या डोंगरावर एक मोठे प्रकरण आहे आणि त्या प्रकरणात महादेवाची जत्राही आहे. म्हणजे हा डोंगर आपण शोधला असा समज खुद्द फोर्सिथचाही नसावा. तो नंतरच्या पत्रकवाल्यांनी त्याच्या पदरी बांधला.

ही जत्रा महाशिवरात्रीची. चौरागडाच्या माथ्यावर महादेवाचे देऊळ आहे. साधारण तेराशे पायऱ्या चढून तिथे गेले की देवळाच्या आवारात त्रिशुळांचा ढीग दिसतो. हातभर लांबीच्या त्रिशुळापासून दोघाचौघांनी खांद्यावर वाहून आणलेल्या वजनदार त्रिशुळापर्यंत. नवस फेडायचा तो त्रिशूळ वाहून. विदर्भात या देवाला 'मोठा महादेव' म्हणतात. गावोगावचे लोक जथ्याने निघतात आणि त्या जथ्याला तिकडे 'पोहा' असा शब्द आहे. इंदूरकराला पोहा म्हटले की जिरावण आणि शेव आठवते, त्यामुळे महादेवाचा पोहा निघाला हे वाक्य आपल्याकडे सांगताना थोडा खुलासा करावा लागतो! आता हे पोहे एसटीने, रेल्वेने, जीपने जातात. पूर्वी घरून शिधा बांधून, रात्री झाडाखाली मुक्काम करत, महादेवाची गाणी म्हणत चालत जात. तंबू नव्हते, पण 'कॅम्पिंग' याहून वेगळे ते काय असते?

या वाटेचा एक शब्द आम्हाला फार आवडला. छिंदवाडा जिल्ह्यात जुन्नारदेवजवळ महादेवाचे एक ठिकाण आहे, त्याला 'पहली पायरी' म्हणतात. तिथून चौरागड कितीतरी लांब. तरी यात्रेची पहिली पायरी तिथे मानली जाते. मुलूख हिंदी, आणि नावात आपली 'पायरी' तशीच राहिली आहे.

दुसरी यात्रा श्रावणातली, नागद्वारीची. नागपंचमीच्या आधीचे आठ-दहा दिवस धूपगडाच्या बाजूने रानातून, ओढे ओलांडत, निसरड्या उतारावरून ही वाट जाते. एरवी हा भाग व्याघ्र प्रकल्पाचा म्हणून बंद असतो. वर्षातून तेवढेच दिवस तो उघडतो. वाटेत काजरी नावाचे गाव लागते. मूल व्हावे म्हणून नागदेवाच्या डोळ्यांत काजळ घालण्याचा नवस बोललेल्या बाईची गोष्ट त्या गावाशी जोडलेली आहे. नवस फेडताना समोर आलेले नागाचे रूप पाहून ती तिथेच गतप्राण झाली, असे सांगतात. भर पावसात ही वाट चालणाऱ्यांत सर्वांत मोठा भरणा विदर्भातल्या मराठी माणसांचा असतो आणि त्यांच्यासाठी वाटेत भंडारे घालणारी मंडळेही बहुतेक तिकडचीच.

पण या डोंगराशी आपला संबंध केवळ नवसाचा नाही. तो राज्य गेल्याच्या दिवसांचाही आहे.

डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला. पुढच्या महिन्यात मंदसौरचा तह झाला आणि १८१८ मध्ये होळकरांची राजधानी इंदूरला आली. ही गोष्ट आपल्या शहरात लहान मुलालाही ठाऊक असते. त्याच दिवसांत नागपुरात काय चालले होते? महिदपूरच्या आधी महिनाभर सीताबर्डीच्या टेकडीवर आणि मग डिसेंबरात खुद्द नागपुरात अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा पाडाव झाला. इंग्रजांनी त्यांना गादीवर ठेवले, आणि थोड्याच दिवसांत कारस्थानाचा आरोप ठेवून कैद केले. प्रयागला नेत असताना, मे १८१८ मध्ये, जबलपूरच्या बाजूला मुक्काम पडला असता पहाऱ्यातले काही शिपाई फितवून, शिपायाच्याच वेषात अप्पासाहेब छावणीतून बाहेर पडले. अंथरुणात उशी ठेवली होती आणि सेवक जणू राजाचे पाय चेपत बसले होते, असे सांगतात. पहारेकऱ्याने डोकावून पाहिले आणि तो निश्चिंत झाला.

तिथून ते गेले ते महादेवाच्या डोंगरात. हर्रईचा गोंड राजा चैनशहा याने त्यांना आसरा दिला, पचमढीचा ठाकूर मोहनसिंग त्यांच्या बाजूने राहिला. पेंढाऱ्यांचा म्होरक्या चितू हाही त्यांना येऊन मिळाला. त्या वर्षीच्या जुलैत बैतूलच्या बाजूला अप्पासाहेबांच्या अरब आणि गोंड माणसांनी कॅप्टन स्पार्क्सची तुकडी कापून काढली. कंपनी सरकारने अप्पासाहेबांना पकडून देणाऱ्याला मोठे बक्षीस लावले होते. ते घ्यायला डोंगरातून कुणी उतरले नाही. राज्य गेलेला, खजिना नसलेला राजा आठ-नऊ महिने या दऱ्यांतून सुरक्षित राहिला, तो फौजेच्या बळावर नव्हे. ज्यांना आपले लेखक बखरींत आणि बखरीबाहेर नुसते 'रानटी' म्हणून मोकळे झाले, त्या माणसांनी त्याला राखले. मराठ्यांच्या इतिहासात गोंडांच्या या वागण्याला आपण फार थोडी जागा दिली आहे, असे आमचे मत आहे.

फेब्रुवारी १८१९ मध्ये चहूकडून फौजा चढू लागल्या तेव्हा अप्पासाहेब निसटून असीरगडाकडे गेले. बुऱ्हाणपूरच्या वाटेवरचा हा शिंद्यांचा किल्ला आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. चितूला किल्ल्याचा आसरा मिळाला नाही. तो रानात शिरला आणि वाघाच्या तोंडी पडला. एप्रिलमध्ये किल्ला पडला तेव्हा अप्पासाहेब तिथून केव्हाच निघून गेले होते. पुढे पंजाबात, डोंगरी संस्थानांत भटकून शेवटी त्यांना जोधपूरला आश्रय मिळाला आणि १८४० मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. या सगळ्याची खूण सांगणारी एकही पाटी पचमढीच्या सहलीत दिसत नाही.

चाळीस वर्षांनी हीच वाट पुन्हा उघडली. १८५८ च्या ऑक्टोबरअखेर तात्या टोपे यांनी मागे इंग्रजांच्या फौजा लागलेल्या असताना नर्मदा ओलांडली. नर्मदेच्या दक्षिणेला नागपूरचा मुलूख होता; तिथे भोसल्यांच्या जुन्या राज्यात पुन्हा पेट घेता आला तर बंडाचे चित्र पालटेल, हा त्यामागचा हिशेब. ते सातपुड्यातून मुलताईपर्यंत आले, पण नागपूरची वाट आधीच रोखली गेली होती. महादेवाच्या डोंगरातून जाताना त्यांना मदत केली ती हर्राकोटचा कोरकू जहागीरदार भभूतसिंग याने, ही आठवण या भागात पक्की आहे. तात्या पुढे निघून गेले. भभूतसिंग मात्र तिथेच राहिला आणि लढला. डोंगराची एकेक घळ ठाऊक असलेला माणूस, त्याला पकडायला इंग्रजांना बराच काळ लागला. शेवटी तो हाती लागला आणि जबलपूरला मारला गेला.

त्याची जहागीर जप्त झाली. आणि इथे आपल्या सहलीची आणि या इतिहासाची गाठ पडते. त्या जप्त मुलखातले बोरीचे जंगल सरकारने स्वतःकडे राखून ठेवले. बोरीचे राखीव जंगल १८६५ चे, देशातले सर्वांत जुने, असे आपण अभिमानाने सांगतो. ते राखीव होण्याआधी कुणाचे होते, हे सांगत नाही. सागवान उत्तम, रेल्वेला लाकूड हवे, मालक बंडखोर ठरलेला. फोर्सिथ १८६२ मध्ये आला तो या सगळ्यानंतर. बंड मोडल्यावर, जहागीर ताब्यात घेतल्यावर, आता या रानात आहे तरी काय हे पाहायला आलेला अधिकारी, असे त्याच्याकडे पाहिले म्हणजे 'शोध' या शब्दाचा अर्थ कळतो. मोठ्या घरावर जप्ती आल्यावर बेलिफ आत जाऊन सामानाची यादी करतो, त्याला कुणी घर शोधले असे म्हणत नाही.

फोर्सिथने पठारावर बांधलेले बायसन लॉज आजही आहे. त्यात संग्रहालय आहे, आणि उद्यानातली ठिकाणे पाहण्याचा परवानाही तिथेच काढावा लागतो. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांनी या रानात शिरायचे तर आजही पहिले पाऊल त्याच दारात.

पुढचे थोडक्यात सांगतो. १८६० च्या दशकात महादेवाच्या जत्रेत पटकी पसरली, परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर ती वाटेवरच्या गावांत गेली, आणि काही काळ जत्रेवर सरकारी बंदी आली. रोग खरा होता, माणसे खरोखरच मेली. पण ज्या पठारावर यात्रेकरूंना मज्जाव झाला तिथेच गोऱ्या सैनिकांसाठी आरोग्यधाम आणि छावणी उभी राहिली, हेही खरे. १८७० मध्ये इटारसी-जबलपूर रेल्वे सुरू झाली, पिपरिया स्टेशन झाले आणि पचमढी मध्य प्रांताची उन्हाळ्यातली राजधानी बनली. नागपूरचा उन्हाळा ज्याने सोसला आहे, त्याला या निर्णयाचे कारण समजावून सांगायला नको. चर्च, बंगले, पोलो, आणि प्रत्येक धबधब्याला एखाद्या मडमेचे नाव, हे सारे त्या काळातले. स्वातंत्र्यानंतर नावे बदलत गेली. फोर्सिथ पॉइंटचा प्रियदर्शिनी पॉइंट झाला. भभूतसिंगाची पाळी फार उशिरा आली: जून २०२५ मध्ये मध्य प्रदेश सरकारने पचमढीला मंत्रिमंडळाची बैठक घेतली आणि पचमढी अभयारण्याला त्याचे नाव देण्याचे ठरवले.

सातपुडा राष्ट्रीय उद्यान १९८१ मध्ये जाहीर झाले, सुमारे सव्वापाचशे चौरस किलोमीटरचे. बोरी आणि पचमढी ही अभयारण्ये धरून पुढे व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ, अस्वल, गवा, मोठ्या शेकरू खारी सगळे तिथे आहेत, आणि मुलांना ते दाखवायचेच आहेत. मात्र गाइडने एखादे मोकळे गवताळ रान दाखवून इथे सांबरे उतरतात असे सांगितले, तर तिथे पूर्वी काय होते हे जरूर विचारावे. २००५ मध्ये धाईं हे गाव रानातून उठवून बाहेर वसवले गेले. मग बोरी गेले, आणखीही गावे गेली. ही गावे मुख्यतः कोरकूंची. शेते होती तिथे गवत वाढले, गवतावर हरणे आली, हरणांमागे वाघ. वन्यजीवांच्या दृष्टीने हे यश आहे, आणि बाहेर वसलेल्या काही कुटुंबांना रस्ता, शाळा, दवाखाना मिळाला हेही नाकारता येत नाही. पण भभूतसिंगाच्या नावाचे अभयारण्य आणि त्याच्या लोकांची गावे मात्र त्याबाहेर, एवढे मुलांना सांगितल्याशिवाय सहल पुरी होणार नाही. मेळघाटातले कोरकू आणि हे कोरकू एकाच भाषेचे. संथाळी, मुंडारीच्या कुळातली ही भाषा, मराठी-हिंदी दोघींपेक्षा निराळी. जीपचा चालक किंवा वाटाड्या कोरकू असला तर चार शब्द विचारून घ्यावेत.

आता सहलीचे. आम्ही केलेला आराखडा असा. पावसाळ्यात उद्यानाचा गाभा बंद असतो आणि १ ऑक्टोबरला उघडतो. महाशिवरात्रीला चौरागडावर पाय ठेवायला जागा नसते. म्हणून डिसेंबर, थंडी कडक, पण आकाश निरभ्र. इंदूरहून नर्मदा एक्स्प्रेस थेट पिपरियाला जाते, तिथून पचमढी पन्नासेक किलोमीटर घाटाचा रस्ता. तरीही ज्येष्ठांची सोय आणि सामान पाहता आम्ही बस धरली आहे. तंबू रानात वाटेल तिथे ठोकता येत नाहीत, परवानगी असलेल्या जागेतच राहायचे, अंधार पडल्यावर आवाराबाहेर जायचे नाही आणि शेकोटी सांगितल्या जागीच करायची. पचमढीला स्काउट-गाइडचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र १९५६ पासून आहे. आपल्यातल्या काही काका-मावश्यांनी शाळेत असताना तिथे शिबिरे केली आहेत. तंबू ताणण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवले आहे. गाठी कशा मारायच्या हे त्यांच्या हातांना अजून आठवते का, ते कळेलच.

पहिल्या दिवशी जटाशंकर आणि पांडव लेणी. भस्मासुराला चुकवायला महादेव जटाशंकरात लपला अशी कथा आहे. पाच मढ्यांवरून गावाला नाव पडले. पांडवांची म्हणून प्रसिद्ध असलेली ही लेणी अभ्यासकांच्या मते बौद्ध भिक्षूंची. संध्याकाळी धूपगड, १३५० मीटर, सातपुड्याचा सर्वांत उंच माथा. सूर्यास्त झाल्यावर तिथेच बसून अप्पासाहेबांची हकिकत मुलांना सांगायची, कारण समोर पसरलेल्या त्याच दऱ्यांत ती घडली. दुसऱ्या दिवशी मढईच्या बाजूने, देनवा नदीचे पाणी होडीने ओलांडून उद्यानात. परवाने मर्यादित असतात, म्हणून नावे लवकर नोंदवावीत ही विनंती.

तिसऱ्या दिवसावरून आमच्यात बरीच चर्चा झाली. पानावरच्या यादीप्रमाणे तीन धबधबे आणि दोन पॉइंट बसत होते. ते काढले. बी फॉल तेवढा दुपारी ठेवला, कारण मुलांना पाण्यात जायचे असते आणि त्याला इतिहासाचे कारण देऊन चालत नाही. सकाळ मात्र चौरागडाची. सहाला निघायचे. ज्यांना पायऱ्या झेपणार नाहीत त्यांनी खाली बड्या महादेवाच्या गुहेपाशी थांबावे. तिथे गुहेत वर्षभर पाणी ठिबकते आणि सावली छान आहे. वर जाणाऱ्यांनी पाण्याची बाटली धरून हात मोकळे ठेवावेत, माकडे पिशव्या ओढतात. त्रिशूळ न्यायचा असेल तर खालीच मिळतो.

परतताना वाटेत भीमबेटका येते. १९५७ मध्ये उज्जैनचे विष्णू श्रीधर वाकणकर रेल्वेने जात असताना त्यांना दूरवर हे खडक दिसले, आणि तिथे जाऊन त्यांनी हजारो वर्षांपूर्वीची चित्रे जगापुढे आणली. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली आणि २००३ मध्ये ती जागा जागतिक वारसा ठरली. चित्रांचे मोल ओळखणारे ते, यात शंका नाही. खडकांना मात्र आसपासच्या गावकऱ्यांनी भीमाची बैठक हे नाव कधीचेच देऊन ठेवले होते. तिथे निवांत दोन तास मिळायला हवेत, म्हणून चौथ्या दिवशी पचमढी सकाळी सातला सोडायची. नाश्ता पिपरियाला.